बाबाराव, पडद्याला अस्तर लावलं

बाबाराव, तुम्ही गेलात त्याला सव्वा महिना झाला. आर्वीत तुमची शोकसभा झाली. एकानं तुम्हांला कलेचे उपासक म्हटलं, दुसऱ्यानं गोरगरिबांचे मित्र. तिसऱ्यानं सांगितलं की तुमच्या टॉकीजच्या तंबूत लहान-मोठा असा भेद कधी नव्हता. तेवढं ऐकून मी उठून बाहेर आलो. लोकांना वाटलं, मला रडू आवरेना. मला रडू आलं नव्हतं. मला त्या माणसाला हाताला धरून तुमच्या पडद्याच्या मागे नेऊन उभं करायचं होतं, आणि शोकसभेत तसं करणं बरं दिसलं नसतं.

नंतर तुमचा मुलगा मधुकर म्हणाला, "देवमनभाऊ, तुमी चवदा वर्षं बाबासंगं होते. चार शब्द लिहा." चार चांगले शब्द माझ्याकडे आहेत, ते मी लिहीन. पण तुमच्याशी माझं भांडण अर्धं राहिलं आहे आणि ते आधी पुरं करायचं आहे. आता तुम्हांला मधेच "चाल बे, खांब उचल" म्हणून विषय तोडता येणार नाही.

जुन्या पडद्यापासून सुरुवात करतो. सोळा फूट रुंद, बारा फूट उंच, पातळ मांजरपाटाचा. पुढे जमिनीवर पुरुष, उजवीकडे कनातीच्या आड बायका. आणि पडद्याच्या मागे आम्ही. कुठल्याही गावी तंबू लागला, आर्वीला, समुद्रपूरला, गिरडच्या जत्रेत, की हे ठरलेलं. कुणी पाटी लावली नव्हती. दारावरचा माणूस चेहरा पाहून हात दाखवायचा. खेळ सुरू व्हायच्या आधी पडद्यावर दोन बादल्या पाणी मारायचं, म्हणजे कापड भिजून चित्र मागे उतरायचं. ते पाणी मारायचं काम माझ्या यादीत होतं. तंबूतलं प्रत्येक काम माझ्या यादीत होतं.

माझी माय बारा वर्षं मागूनच सिनेमा पाहत आली. मागून सगळं उलटं दिसतं. माणसं डाव्या हातानं जेवतात, डाव्या हातानं कुंकू लावतात. एकदा तिनं तुम्हांला विचारलं होतं, "बाबाराव, हे सिनेमातले सारे लोक डावरे काऊन हायेत जी?" तुम्ही पोट धरून हसलात आणि चहाच्या टपरीवर ही गोष्ट आठ दिवस सांगितलीत. मीही हसलो. मालक हसले की हसायचं, अशी सवय होती.

छप्पन साली आम्ही नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. घरातले देव नदीत सोडले, गावची जुनी कामं सोडली. त्या हिवाळ्यात समुद्रपूरला तंबू लागला तेव्हा मी मायला न्यायला गेलो. आमचं गाव तिथून तीन कोस. ती ओसरीवर तूर पाखडत होती. म्हणाली, "मी नाई येत."

"काऊन?"

"मागं नाई बसत मी आता. पुढं जागा असंल तवा सांगजो."

ती हे रागानं बोलली नाही. पाखडता पाखडता बोलली. मी तिला म्हणालो, सांगतो. तुम्हांला ते सांगायला मला दोन वर्षं लागली. तुमच्यावर राग काढतो आहे तेव्हा हेही लिहिलं पाहिजे.

मग सिनेमास्कोप आला. नागपूरहून तुम्ही ते भिंग भाड्यानं आणलंत, टॉवेलात गुंडाळून, बसमध्ये मांडीवर घेऊन. आर्वीला पडद्यावर पहिली चाचणी घेतली. भिंगाशिवाय माणसं बांबूसारखी बारीक आणि उंच. भिंग लावलं तर माणसं ठीक झाली, पण चित्र सोळा फुटांत मावेना. नायक पडद्यावर, आणि नायिका अर्धी पडद्यावर आणि अर्धी बायकांच्या कनातीवर. तुम्ही कमरेवर हात ठेवून पाहत राहिलात आणि म्हणालात, "देवमन, हे तर लगनाची पंगत होऊन राह्यली बे. आडवीच आडवी."

मी फूटपट्टी घेतली. पुढच्या दोन खांबांमध्ये बावीस फूट जागा होती. चित्र बावीस फूट रुंद केलं तर उंची नऊ फूट चार इंच येते. हे मी तुम्हांला कागदावर काढून दाखवलं, आणि तुम्ही कागद परत माझ्या हातात दिलात.

"बारा फुटाचा हिरो नऊ फुटाचा करू? लोक म्हनतीन, बाबारावनं कापड खाल्लं."

"मालक, बारा फूट उंची ठेवाची तर रुंदी अठ्ठावीस फूट पाह्यजे. खांब सरकवले तर तंबू फाटते."

"मंग तंबू शिव."

तीन दिवस आपण यावरच भांडलो. शेवटी मी मार्ग काढला तो असा. पडदा बावीस फूट बाय बारा फूट करायचा. काळ्या कापडाच्या चार पट्ट्या काठ्यांवर बसवून दोरीनं सरकवायच्या. रुंद चित्र असेल तेव्हा वरून सोळा इंच आणि खालून सोळा इंच झाकायचं. जुनं चित्र असेल तेव्हा दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट झाकायचं, म्हणजे मधे तुमचा सोळा बाय बाराचा पडदा जसाच्या तसा. तुमचा बारा फुटांचा हिरो जिवंत राहिला. तुम्ही माझ्या पाठीवर थाप मारलीत आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगितलंत की ही युक्ती तुम्हांला सकाळी आंघोळ करताना सुचली.

कापडात मात्र तुम्ही तुमचंच केलंत. जुना पडदा तसाच ठेवायचा, दोन्ही कडांना नवीन कापडाचा तीन-तीन फुटांचा पन्हा जोडायचा, म्हणजे भागलं. मी सांगितलं की जुनं कापड पिवळं पडलं आहे. तुम्ही म्हणालात, "अंधारात कोन पाह्यते?" आर्वीच्या लोकांनी पाहिलं. नायिका मधे असली की सावळी आणि चालत कडेला गेली की गोरी. दुसऱ्या दिवशी लोक तिचं गाणं लागलं की ओरडू लागले, "बाई, कडंले जाय! कडंले जाय!" तुम्ही तिसऱ्या दिवशी हळूच म्हणालात, "नवीन शिव."

नवीन पडदा मी शिवला. जाड ड्रिल कापडाचे चार आडवे पट्टे. चित्र एवढं पसरल्यावर उजेड विरळ होतो, तुमच्या यंत्रातल्या कार्बनच्या ज्योतीला तेवढं बळ नव्हतं. म्हणून कापडाला सफेदा आणि डिंकाचे दोन हात दिले, आणि थोडाही उजेड मागे सांडू नये म्हणून पाठीला काळं अस्तर लावलं. कर्णे आजवर पडद्याच्या मागे असायचे. अस्तरातून आवाज दबला असता, म्हणून ते काढून चौकटीच्या वर दोन कोपऱ्यांना बांधले. हे सगळं यादीत लिहिलं. शेवटी लिहिलं: मागची जागा बंद.

तुम्ही यादी वाचत तिथपर्यंत आलात आणि थांबलात.

"मागचे लोक कुठं बसतीन?"

"पुढं."

तुम्ही बराच वेळ विडी विझवत होतात. विझलेलीच विडी. मग म्हणालात, "बसव."

त्यापेक्षा एक अक्षर जास्त नाही. मला तेवढंच पुरेसं होतं. बाबाराव, त्या दिवशी मला तुमच्याविषयी जे वाटलं ते मी पुन्हा कुणाविषयी वाटू देणार नाही. मी दुसऱ्याच दिवशी मायला निरोप पाठवला: समुद्रपूरला रविवारी ये, पुढं जागा आहे.

समुद्रपूरला तंबू लागला. शनिवारी मी तुमच्याच सांगण्यावरून हिंगणघाटला कार्बनच्या कांड्या आणायला गेलो. रविवारी दुपारी परत आलो तर पडद्याजवळ दोन बादल्या भरून ठेवलेल्या दिसल्या. नव्या पडद्याला पाणी मारायचं कारणच नव्हतं. मी वर पाहिलं. मावळतीकडचं ऊन पडद्यातून आरपार येत होतं. तिन्ही शिवणी दिसत होत्या. अस्तर उसवून घडी करून पेटीत ठेवलं होतं, आणि ड्रिलचे मधले दोन पट्टे काढून तिथं मांजरपाट लावला होता.

तुम्ही खुर्चीवर बसला होतात. मी काही विचारायच्या आधीच म्हणालात, "आवाज दबून राह्यला होता. म्हून अस्तर काढलं."

"कर्णे वर बांधले हायेत मालक. आवाज कायले दबते?"

"दबते म्हंतो ना मी."

"कोन आलतं?"

तुम्ही माझ्याकडे न पाहता सांगितलंत. गावातली पाच-सहा मोठी माणसं आली होती. म्हणाली, बाबाराव, तुमचा सिनेमा रुंद झाला हे चांगलं, पण आम्ही यांच्या मांडीला मांडी लावून बसणार नाही. "मी काय करू? ते आले नाई तर तंबू कुठं नेऊ? चंद्रावर?" आणि मग तुम्ही ते बोललात जे मी अजून ऐकतो: "चित्र तर तेच हाय नं देवमन. फकस्त डावं उजवं."

माय संध्याकाळी आली. धुतलेलं पांढरं लुगडं, शेजारच्या दोघी बरोबर, तीन कोस चालत. दारावरच्या माणसानं मागे हात दाखवला. ती माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी पडद्यापाशी होतो. आधी वृत्तचित्र, ते जुन्या मापाचं. मग सिनेमास्कोप. दोन्हींच्या मधे काळ्या पट्ट्या सरकवायच्या असतात आणि ते काम माझ्याशिवाय कुणाला येत नव्हतं. मी दोरी हातात धरून उभा राहिलो. माय मागे वळली आणि त्या दोघींना घेऊन परत चालू लागली. मी बाजूच्या पट्ट्या उघडल्या, वरची-खालची आणली, चित्र सुरू झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तुम्ही ते केलंत आणि मी दोरी ओढली. या भांडणात माझी बाजू कुठे पातळ आहे ते मला माहीत आहे. पण माझी बाजू पातळ आहे म्हणून तुमची जाड होत नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेटीच्या किल्ल्या आणि यादी तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही म्हणालात, "रुसला का बे?" चौदा वर्षांनंतर हा शब्द. बायको माहेरी जाते तेव्हाचा. मी निघालो आणि हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये फिटर म्हणून लागलो.

आता चांगले शब्द, कबूल केल्याप्रमाणे. मधला खांब माझ्या पायावर पडला तेव्हा तुम्ही तंबू तसाच सोडून मला वर्ध्याला दवाखान्यात नेलंत आणि तीन दिवस माझ्या खाटेशेजारी जमिनीवर बसलात. मला इंच वाचायला तुम्ही शिकवलंत, मला सहीपुरतंच येत होतं. प्रत्येक खेळ तुम्ही पडद्याच्या कडेला उभं राहून पाहायचात, जिथून चित्र तिरकं आणि वाकडं दिसतं, आणि तरी शंभराव्यांदाही त्याच ठिकाणी तुमचे डोळे भरून यायचे. तुमचा खोकला मला अजून तंबूच्या बाहेरून ओळखता येईल. हे सगळं खरं आहे. म्हणूनच राग येतो. वाईट माणसानं अस्तर काढलं असतं तर मी त्याला वाईट म्हणून मोकळा झालो असतो.

या पावसाळ्यानंतर, तंबू निघायच्या आधी, मी सुटीला घरी असताना तुम्ही आमच्या गावी आलात. बसमधून उतरून तीन कोस चालत, त्या वयात. आमच्या ओसरीवर खाटेवर बसलात. मायनं पाणी दिलं आणि तुम्ही ते प्यालात, हे मी नोंदवून ठेवतो.

"देवमन, पडदा कोनालेच लावता येत नाई बे. पट्ट्या वाकड्या होतात. सिनेमा तिरपा दिसते."

"अस्तर लावता का?" मी विचारलं.

"पाहू."

माय चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "पाहू म्हंजे हो का नाई?"

"पाहू म्हंजे पाहू, माय."

"तसं बोलू नोका जी. एवढे दूर चालत आले. हो म्हना नाईतर नाई म्हना, मी भाकर तर दोन्हीले वाढीन."

तुम्ही भाकर खाल्लीत. हो म्हणाला नाहीत, नाही म्हणाला नाहीत. उठलात, जोडे घातलेत, गेलात. तुम्ही गेल्यावर खाटेवर पडद्याच्या पेटीची किल्ली दिसली. मी धावत बांधापर्यंत आलो, तुम्ही नाल्याच्या पलीकडे पोचला होतात. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मारली नाही. मला वाटलं, किल्ली घ्यायला पुन्हा यावं लागेल, तेव्हा हो की नाही ते सांगावं लागेल.

आठव्या दिवशी तुम्ही गेल्याचा निरोप आला.

ती किल्ली विसरलात की ठेवलीत? हा एक प्रश्न मी तुम्हांला विचारणार होतो. विसरला असाल तर तुम्ही शेवटपर्यंत तेच होतात. ठेवली असेल तर तोंडानं एक शब्द बोलायला काय झालं होतं? माणूस मेल्यावर त्याच्या मनातलं बाकीच्यांनी ओळखायचं, ही कुठली पद्धत? तुमच्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "बाबा आठ दिवस किल्लीचं काई बोलले नाई." एवढ्यावरून काहीच कळत नाही.

मी पेटी उघडली. अस्तर घडीत होतं, आणि घडीत कडुनिंबाचा पाला होता. दर पावसाळ्याआधी कसर लागू नये म्हणून तो मी घालत असे. यंदा मी नव्हतो. पाला फार जुना नव्हता, हिरवेपणा होता. म्हणजे तुम्ही पेटी उघडली होती आणि अस्तर जपलं होतं. मधुकरला ते पाहून भरून आलं. "पाहा देवमनभाऊ, बाबाच्या मनात होतं."

मी म्हणालो, असेल. पण न केलेल्या कामाचं श्रेय मी कुणाला देत नाही, मेलेल्यालाही नाही. ते आपण दोघांनी चौदा वर्षं एकमेकांना दिलं नव्हतं, आता कशाला सुरू करायचं? मी त्याला सांगितलं की तंबू चालवायचा असेल तर मी येतो, पण अस्तर लागेल. तो म्हणाला, "लावा." ताबडतोब. मला त्याचा थोडा राग आला, इतकं सोपं असल्याचा.

मांजरपाट काढला, ड्रिलचे पट्टे परत घातले, सफेद्याचा नवा हात दिला, अस्तर शिवलं. दोन दाभणं, एक रीळ दोरा, एक दुपार. तेवढंच लागलं.

गेल्या आठवड्यात समुद्रपूरला तंबू लागला. तीच मोठी माणसं आली, एक कमी होता. मधुकरनं माझ्याकडे बोट दाखवलं. मी त्यांना पडद्याच्या मागे नेलं. म्हटलं, "हे पाहा जी, इथून काईच दिसत नाई. इथं कोनालेच बसवता येत नाई." एक जण कापडाला हात लावून म्हणाला, "बाबाराव असते तर असं झालं नसतं." मी म्हणालो, "नसतं झालं." ते परत गेले. पहिल्या दिवशी मधली बरीच जागा रिकामी राहिली. दुसऱ्या दिवशी त्यांतली अर्धी भरली. त्या मोठ्या माणसांतलेच काही जण आले, उपरणं डोक्यावरून घेऊन. पुढे काय होईल ते सांगता येत नाही. तंबू तुमच्याशिवाय उभा राहिला, हे तुम्हांला आवडणार नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

माय दुसऱ्या दिवशी आली. दारावरचा माणूस तिला पाहून गोंधळला आणि हात कुठे दाखवायचा ते न कळून त्यानं तो खिशात घातला. ती कनातीच्या आत गेली, बायकांमधून वाट काढत अगदी पुढे, आणि बसली. शेजारची एक बाई लुगडं आवरून थोडी सरकली. पुष्कळ सरकली. मायनं रिकाम्या झालेल्या जागेत पाय लांब केले. मी बाजूच्या पट्ट्या उघडल्या, वरची-खालची आणली.

खेळ संपल्यावर मी विचारलं, "कसा वाटला?"

"लय मोठा हाय बापा," ती मान चोळत म्हणाली. "इकडं पाह्यलं तर तिकडचं सुटते. उद्या खांबापाशी बसतो. पाठ टेकाले होते."

बाबाराव, एवढंच होतं.